बिनफीची वकिली

धानाचे चुकारे खात्यात जमा झाले, की गोंदियातल्या मोबाइल दुकानांत वर्दळ वाढते आणि पानठेल्यावर ‘विवो भारी की ओप्पो’ हा वाद रंगतो. गंमत अशी, की दोन्हींचे मूळ चीनमधल्या बीबीके या एकाच उद्योगसमूहात. रिअलमीही २०१८ मध्ये ओप्पोच्याच घरातून निघाला. म्हणजे भाऊबंदकी त्यांची आणि फुकटची वकिली आपली! एकेकाळी नोकियाची शपथ घेणाऱ्यांनी बघता बघता पाठ फिरवलीच की. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली, तर महागडा आयफोनही मुकाच. तेव्हा नावाआधी बॅटरी, सुटे भाग आणि जवळचे दुरुस्ती केंद्र बघा. या अंकातली तुलना आम्ही याच कसोट्यांवर केली आहे. पटली नाही, तर खुशाल भांडा!