घरचें आरोग्य : पावसाळ्यांतला नायटा व आपलें मौन

मृगाच्या सरी कोसळूं लागल्या कीं आमच्या चिंचपोकळीच्या घरांत दोऱ्यांना उसंत राहत नाहीं. माजघर, गॅलरी, स्वयंपाकघराचा आडोसा, जेथें तेथें ओलीं वस्त्रें. मुंबईची हवाच अशी, कीं वैशाखांत घाम वाळत नाहीं आणि आषाढांत कपडे वाळत नाहींत. या दमटपणाचा पहिला तडाखा बसतो तो त्वचेला. आणि त्वचेचें दुखणें हें दुखणेंच नव्हे अशी आपली समजूत असल्यामुळें तें सर्वांत शेवटीं उघडकीस येतें.

गतवर्षींची गोष्ट. आमच्या धाकट्या सूनबाई फोर्टांतील कचेरींत नोकरीस जातात. लोकलच्या गर्दींत घामानें भिजलेलें अंग, दिवसभर तेंच घट्ट वस्त्र, सायंकाळीं पुन्हां घरचीं कामें. कमरेच्या घडींत नायटा उठला. सांगावें कोणाला? त्यांनीं दुकानांतून परस्पर एक मलम आणलें. चार दिवसांत खाज थांबली; मलम सोडतांच नायटा दुप्पट होऊन परतला. असें पांच महिने चाललें. झोप गेली, चिडचीड वाढली. आणि मला वाटे, हल्लीं यांचें घरांत लक्ष नाहीं! एके रात्रीं दोन वाजतां त्या मोरीपाशीं रडत उभ्या दिसल्या. "आई, सांगावें तरी कसें?" एवढेंच म्हणाल्या. लाज मला वाटली.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनीं मलमाची नळी पाहतांच मान हालविली. त्यांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड होतें. स्टेरॉइडनें दाह शमतो, परंतु त्या जागेची प्रतिकारशक्तिही दुबळी होते. खाज लपते आणि बुरशी आंतल्या आंत पसरते. नाजूक जागीं कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे उठतात. म्हणूनच २०१८ सालीं केंद्र सरकारनें १४ स्टेरॉइड मलमें 'शेड्यूल एच'मध्यें घातलीं. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून तीं विकूं नयेत असा नियम झाला. पण विकणारा व घेणारा दोघेही तो विसरतात! त्यांत भर म्हणजे, भारतांत फैलावलेली एक चिवट बुरशी. २०२० सालीं जपानी संशोधकांनीं तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असें नांव दिलें. टर्बिनाफिन हें नेहमींचें औषध तिजवर पुष्कळदां चालत नाहीं.

तपासणींत थोरल्या नातवाच्या मांडीवर व खुद्द माझ्या पोटावरही तेच चट्टे निघाले. मोरींतला पंचा एक, मग दुसरें काय होणार? वास्तविक संसर्ग म्हणजे काय हें चिंचपोकळीकरांस सांगावयास नको. साथीच्या रोगांचें कस्तुरबा रुग्णालय आमच्या शेजारींच. १८९६ च्या प्लेगांत रोगी तेथेंच, तेव्हांच्या आर्थर रोड रुग्णालयांत, नेत असत. परंतु पंचा निराळा ठेवला तर आपलेपणास उणेपणा येतो, असें एकत्र कुटुंबांत उगीच वाटतें.

आम्हां तिघांचा उपचार एकदम सुरू झाला आणि चट्टे दिसेनासे झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालला. घरांत नेम ठरले ते असे : प्रत्येकाचा पंचा व आंतलीं वस्त्रें निराळीं. दमट कपडा अंगावर नाहीं. ऊन नसल्यास इस्त्रीनें सुकवावा. भिजून आल्यावर आधीं कपडे बदलावे, मग चहा. अंगाच्या घड्या टिपून कोरड्या कराव्या. नायट्यावर तेल चोळूं नये. थंडींत मात्र याच्या उलट; त्वचा रखरखीत होते, म्हणून कढत पाणी टाळून कोमट पाण्यानें स्नान करावें व ओलसर अंगावरच थोडें खोबरेल लावावें.

राहतां राहिलें मन. चिंतेनें नायटा होत नाहीं. पण चिंतेनें खाज अधिक जाणवते, खाजेनें झोप उडते, आणि झोपेवांचून चिंता वाढते. सूनबाईंचें हें चक्र औषधानें तुटलें खरें. पण पहिला सैल पडला तो त्या रात्रीं, दोन शब्द बोलल्यावर.

म्हणून भगिनींनो, घरांतल्या कोणाच्या पिशवींत मलमाची नळी दडविलेली दिसली, तर रागें भरूं नका. जवळ बसवून विचारा. आणि मग आपलाही पंचा एकदां तपासून पाहा.