गोदामालाही मराठी पाटी हवी

सीमाभागात वाढलेल्या माणसाला पाटीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दारावर आपल्या भाषेत नाव नसेल, तर कचेरी उघडी असूनही आपल्यापुरती बंदच असते. हाच न्याय आज आम्हांला एका निराळ्या दाराला लावावयाचा आहे. ते दार म्हणजे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचे गोदाम.

या गोदामात कार्यक्रम ‘पॅकेज’च्या रूपाने विनामूल्य मिळतात. डेबियन या वितरणाच्या २०२३ मधील आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजे होती. माल अमाप आहे. प्रश्न तो सापडण्याचा आहे.

सुरतेच्या पांडेसऱ्याचे उदाहरण घ्या. कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांची ही वसाहत. खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे येथे राहतात, आणि सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. अशा घरातील मुलीला साडीच्या काठाची नक्षी संगणकावर काढावयाची आहे. तिला हवा तो कार्यक्रम ‘इंकस्केप’ या नावाने गोदामात आहे. पण ते नाव तिला कोणी सांगितलेले नाही. ती ‘नक्षी’ असा शब्द लिहील. पॅकेजच्या वर्णनात तो शब्द कोणी घातलेला नसेल, तर तिला उत्तर मिळेल, ‘काही सापडले नाही’. ‘मुलांना इंग्रजी येतेच की’, असे म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच उत्तर आहे, की गरज मातृभाषेत सुचते आणि शोध गरजेपासून सुरू होतो.

खुद्द मराठीसाठी केलेली पॅकेजेही विखुरलेली आहेत. लिबरऑफिसचे मराठी रूप ‘एमआर’ या दोन अक्षरांखाली आहे. छापील मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्टची मराठी सामग्री ‘एमएआर’ या तीन अक्षरांखाली आहे. तर लोहित टंक ‘देवा’ या लिपीच्या संकेताखाली आहे. तिन्ही संकेत आंतरराष्ट्रीय मानकांतले असून आपापल्या जागी बरोबरच आहेत. परंतु ‘मराठी’ हा शब्द लिहिताच तिन्ही समोर यावीत, एवढी साधी अपेक्षा त्यांनी पुरी होत नाही.

पांडेसऱ्याचे नावच आणखी एक अडचण दाखवते. ‘ऱ्या’तील अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो: एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. युनिकोडच्या ठरलेल्या सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. शोधयंत्र रचणाऱ्यांना ही गोष्ट मराठी माणसानेच सांगितली पाहिजे.

उपाय आपल्या हातात आहे. कार्यक्रमाच्या माहितीपत्रात प्रत्येक भाषेसाठी शोधशब्दांची स्वतंत्र जागा असते, आणि डेबियनमधील वर्णनांची भाषांतरे स्वयंसेवकच करतात. येथे प्रमाण शब्द कोणता, हा वाद घालण्याचे कारण नाही. दर्शनी नाव एकच असते. शोधशब्द कितीही देता येतात. म्हणून ‘हिशेब’ही लिहावा आणि ‘हिशोब’ही, ‘टंक’ही आणि ‘फॉन्ट’ही. बेळगावचा शब्द असावा, बिदरचा असावा, आणि अहिराणी बोलणाऱ्या घरातलाही असावा. केवळ कोशातले जड शब्द भरले, तर पाटी मराठी होईल. पण ती वाचणारा कोणी नसेल.

सरकारी पाटीसाठी आपण अर्ज केले, मोर्चे काढले, वर्षानुवर्षे वाट पाहिली. या पाटीसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणूनच ती कोरी राहिली, तर दोष आपलाच ठरेल. आमची विनंती एवढीच, की प्रत्येक वाचकाने आपण वापरीत असलेली पाच पॅकेजे निवडावीत आणि आपल्या घरात त्या कामाला जो शब्द आहे, तो तेथे नोंदवावा.