अडाणी कोण?

मूल दगावलं की पहिला बोल आईला. ‘पोराला चार घास नीट भरवता येत नाहीत, अडाणी बाई!’ वस्तीत, दवाखान्यात आपण हे इतकं ऐकलंय की आयांनाही ते खरं वाटू लागलंय. मैत्रिणींनो, आधी मुलाचं शरीर काय सांगतं ते पाहू.

पोट भात-भाकरीने भरतं, पण डाळ, दूध, अंडं मिळत नाही. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून दिवस काढतं. दंड-मांड्या काटक्या होतात, वाढ खुंटते. केस विरळ, तांबूस होतात, कातडीचे पापुद्रे निघतात, यकृतात चरबी साठते. पाय, चेहरा सुजतो आणि बघणाऱ्यांना ते बाळसं वाटतं! बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो, ते बाळसं नव्हे. रोगाशी झुंजायची ताकदच उरत नाही. मग साधी हगवण, गोवरही जीव घेतो. कागदावर ‘न्यूमोनिया’ लिहिलं जातं. भूक नोंदलीच जात नाही.

सुजेच्या या आजाराचं नाव क्वाशिओरकॉर. आजच्या घानातल्या गा भाषेतला हा शब्द डॉ. सिसिली विल्यम्स या बाईने १९३५ साली वैद्यकशास्त्रात आणला. अर्थ असा : पाठचं भावंड आल्यावर बाजूला सारल्या गेलेल्या मुलाचा आजार. ज्यांना अडाणी म्हणायचं, त्यांच्या भाषेनेच कारण हेरलं होतं.

आता सांगा, पाळणा लांबवणं बाईच्या हातात आहे? तान्हं घरी ठेवून मजुरीला जाणं तिची हौस आहे? घट्ट वरण कुणाच्या ताटात जातं आणि शेवटी पातेलं पुसून कोण जेवतं?

आणि सरकार? २०१३चा अन्नसुरक्षा कायदा बहुतेक कार्डांवर माणशी महिना ५ किलो धान्य देतो, डाळीचा हक्क देत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. तरी जानेवारी २०२५मध्ये राज्य सरकारने शाळेतल्या अंड्याचे पैसे बंद केले. हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणे!

रेशनवर डाळ द्या. मुलाच्या ताटात अंडं द्या. बाईला पुरी मजुरी आणि कामाजवळ पाळणाघर द्या. तोवर आम्हाला आहाराचे तक्ते दाखवू नका. अडाणी कोण, ते आम्हाला कळलंय.