हयात कवीला चाल लावताना

ए. ई. हाउसमन हा इंग्रज कवी आपल्या कवितांना चाली लावणाऱ्यांकडून पैसे घेत नसे. शब्दांना हात लावू नये, एवढीच त्याची अपेक्षा. संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्सने १९०९ मध्ये ‘ऑन वेनलॉक एज’ ही गीतमाला रचताना नेमकी तीच मोडली. एका कवितेत मेलेला तरुण विचारतो, गावात अजून फुटबॉल रंगतो का? फुटबॉलची दोन कडवी व्हॉन विल्यम्सने गाळून टाकली. त्याच्या संगीतातला तुकडा मी उडवला तर चालेल का, असे हाउसमनने संतापून विचारले. अर्थ बदलत नसेल तर कवितेतले हवे तेवढे घेण्याचा आपल्याला हक्क आहे, असे व्हॉन विल्यम्सचे उत्तर होते. या भांडणात बाजू कवीचीच खरी होती. मैदानावरचा तो साधा प्रश्न गेला आणि कवितेतली बोचरी थट्टाही गेली.

हयात कवी संगीतकाराला अडचणीचा वाटतो, तो असा. दिवंगत कवी तक्रार करत नाही. उलट दुखणेही आहेच : १८१६ मध्ये गोएथेच्या कवितांवरची शूबर्टची गाणी मित्राने गोएथेकडे पाठवली, तर ती एका शब्दाच्याही उत्तराविना परत आली.

आणि तरीही समकालीन कवितेलाच हात घालावा, हे पॅरिसचा संगीतकार फ्रान्सिस पुलांक याच्याकडे पाहून पटते. पॉल एल्युआर त्याच्याच पिढीचा, अतिवास्तववादी कवी. यमक नाही, ध्रुवपद नाही, प्रतिमा एकीवर एक आदळणाऱ्या. चालीसाठी याहून गैरसोयीचा मजकूर शोधून सापडणार नाही. पुलांकने त्याच्या नऊ कवितांची ‘तेल जूर तेल न्वी’ ही गीतमाला रचली. फेब्रुवारी १९३७ मध्ये पॅरिसच्या साल गावो सभागृहात गायक प्येर बेर्नाकने ती म्हटली, पियानोवर स्वतः पुलांक होता. गीतमालेचे नावही एल्युआरनेच सुचवलेले. पुढे कवीने संगीतकाराला उद्देशून एक कविताच लिहिली.

पुलांकची रीतही पाहण्यासारखी. कविता पुन्हा पुन्हा वाचायची, सुचेल ती ओळ आधी स्वरात बसवायची, मग ती मधली असो वा शेवटची. ज्या स्वरपट्टीत ओळ सुचली, ती सोयीसाठी बदलायची नाही. पियानोवाल्याने गायकामागे रेंगाळू नये, लय सोडू नये आणि पेडल मात्र सढळ हाताने वापरावे, असा त्याचा आग्रह. ‘तेल जूर तेल न्वी’च्या शेवटच्या गाण्यात गायक थांबतो आणि पियानो एकटाच बराच वेळ बोलत राहतो. याला ‘साथ’ म्हणणे चुकीचे आहे. तिथे पियानो कवितेचा दुसरा वाचक असतो.

समकालीन असण्याचा आणखी एक फायदा वेळेचा. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या, लोक घरेदारे सोडून दक्षिणेकडे पळाले. लुई आरागाँने त्या वाताहतीवर ‘से’ ही कविता लिहिली. पुलांकने १९४३ मध्ये तिला चाल दिली, तेव्हा पॅरिस अजून जर्मनांच्या ताब्यात होते. ऐकणाऱ्यांना संदर्भ समजावून सांगायची गरज नव्हती.

मराठीला हे सगळे परके नाही. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाने पुस्तकच लिहिले. हृदयनाथ मंगेशकरांनी आरती प्रभू आणि ग्रेस यांना ते लिहीत असतानाच चाली दिल्या. पण त्या कविता बहुतेक छंदात होत्या, कडव्यांत बसणाऱ्या. मुखडा-अंतऱ्याच्या साच्याबाहेरची, बोलीच्या लयीत चालणारी मुक्तछंद कविता अभिवाचनापुरतीच उरली. तालाचे ठरलेले आवर्तन तिला अडवते. एक गळा आणि एक पियानो असला, तर प्रत्येक ओळीला तिच्या लांबीइतकी जागा देता येते.

दिवाळी अंकांत दरवर्षी अशा कविता छापून येतात. एखाद्या संगीतकाराने त्यातली एक निवडावी, कवीला फोन करून परवानगी घ्यावी आणि एकही ओळ न गाळता ती गाऊन दाखवावी.