व्यायाम ठेवा, मंत्र सोडा

सातारा-सांगलीकडील धम्मबंधूंनो आणि भगिनींनो,

तुमची मुले शाळेच्या मैदानावर सूर्यनमस्कार घालतात. अवश्य घालू द्या. वाकणारा कणा आणि भरणारी छाती कोणत्याही धर्माच्या मालकीची नाही. परंतु जेथे प्रत्येक नमस्कारापूर्वी ओम् व बीजाक्षर उच्चारून मित्र, रवि, सूर्य अशा बारा नावांनी सूर्यास वंदन करविले जाते, तेथे आपले मूल व्यायाम करीत आहे की उपासना, हा प्रश्न तुम्ही स्वतःस कधी विचारला आहे काय?

या प्रथेचा मोठा प्रसार आपल्याच मुलखातून झाला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार हे आपले जीवितकार्य मानले, संस्थानच्या शाळांतून ते सक्तीचे केले. १९३८ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक लंडनमध्येही निघाले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि त्याच संस्थानातील आटपाडी सांगली जिल्ह्यात. पंतप्रतिनिधी जुलमी नव्हते. १९३९ साली त्यांनी आपण होऊन राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण बीजाक्षरांच्या उच्चाराने शरीरास लाभ होतो, असे तेही प्रतिपादन करीत. लाभ कशाचा? श्वासाचा की मंत्राचा? दीर्घ श्वास ‘एक, दोन, तीन’ म्हणतानाही तितकाच दीर्घ असतो!

गुरुजी म्हणतील, हे नुसते संस्कृत शब्द आहेत, त्यात धर्म कोठे आला? शब्दांना अर्थ नसेल तर ते म्हणण्याचा आग्रह कशासाठी? आणि अर्थ असेल तर तो देवतेस वंदन हाच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्या घराने घेतल्या, त्या घराला हे वंदन करता येत नाही.

आमचे वैर संस्कृत भाषेशी नाही. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांना पुढे मुंबईच्या हायस्कुलात संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या कष्टाने मिळविली. जी भाषा विद्या म्हणून नाकारली, तीच आज त्यांच्या लेकरांच्या तोंडी प्रार्थना म्हणून घातली जाते! मुलगी व्याकरण शिकून संस्कृतात पहिली आली तर तिच्या पाठीवर थाप मारा. अर्थ न कळता पुटपुटणे वेगळे.

आणि येथे आपणही आपले घर तपासू या. त्रिशरण-पंचशील पालीत घडाघडा म्हणणाऱ्या कितीजणांना त्याचा अर्थ सांगता येतो? ब्राह्मण कुळातील दोन भिक्षु भावांनी बुद्धवचन छंदोबद्ध वैदिक वळणात घालण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली, ही कथा विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. बाबासाहेबांच्या ‘बौद्ध पूजापाठा’त पालीबरोबर मराठी अर्थ आहे, तो उगाच नाही. आनापानसतीत तर श्वास येतो-जातो एवढेच पाहावयाचे. कोणाचे नाव घ्यावयाचे नाही.

आता हक्काची गोष्ट. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे, राज्याची मान्यता वा अनुदान असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून अज्ञान मुलास धार्मिक उपासनेस उपस्थित राहावयास लावता येत नाही. ‘ही उपासनाच नव्हे’ असा वाद घातला जाईल. त्यावेळी मंत्राचा मराठी अर्थ मागा. २०१५ साली योगदिनाच्या सरकारी कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले गेले, आणि पुढील वर्षी ओम् म्हणणे सक्तीचे नाही असा खुलासा सरकारनेच केला. मग गावच्या शाळेत सक्ती कशी?

भांडू नका, मुलाला घरी ठेवू नका. व्यायामाचा तास बुडाला तर तोटा आपलाच. मुख्याध्यापकांना दोन ओळींचे पत्र द्या आणि पोच घ्या: आमचा पाल्य तासाला हजर राहील, सर्व आसने करील, आकडे मोजील, मंत्रोच्चारास पालक म्हणून आमची संमती नाही. पत्रावर आईचीही सही असू द्या.