बांधकाम मजुरांच्या हेल्मेटचा नियम बदला!

बांधकामाच्या साइटवर हेल्मेट पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे. जिथे वरून वस्तू पडण्याचा धोका आहे तिथे काम करणाऱ्या, नुसती ये-जा करणाऱ्याही प्रत्येक कामगाराला राष्ट्रीय मानकानुसार तपासलेले हेल्मेट मिळाले पाहिजे, असे 1998 चे केंद्रीय नियम सांगतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1996 चा बांधकाम कामगार कायदा तिच्यात विलीन झाला. सुरक्षेसाठी पुरवलेल्या वस्तूंचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, हे संहितेत स्पष्ट आहे. हेल्मेटचे पैसे पगारातून कापणारा ठेकेदार म्हणजे सरळ सरळ कायदा मोडणारा माणूस.

पण नियम तंतोतंत पाळला तरी डोके वाचेलच असे नाही. कारण त्यामागे एकाच अपघाताची कल्पना आहे : वरून वीट पडली आणि टाळूवर बसली. साधे हेल्मेट त्याच हिशेबाने बनते. बाहेर कठीण प्लास्टिकचे कवच, आत पट्ट्यांची जाळी आणि दोहोंमध्ये मोकळी जागा. मार बसला की पट्ट्या ताणल्या जातात आणि कवटीपर्यंत पोचणारा धक्का कमी होतो. परांचीवरून मजूर स्वतःच खाली आला तर? पट्टा नसलेले हेल्मेट पडता पडताच निसटते. डोके कानशिलावर नाहीतर मागच्या बाजूने आपटते आणि हेल्मेट टिकून राहिले तरी तिथे त्याचे संरक्षण तुटपुंजेच असते.

अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेने हे ओळखले. बाजूचा मारही झेलणारी, हनुवटीला पट्टा असलेली ‘टाइप टू’ हेल्मेटे आपल्या निरीक्षकांना देत असल्याचे तिने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केले. रजा घ्यावी लागेल अशा डोक्याच्या दुखापतींपैकी सुमारे 20 टक्के दुखापती घसरून, अडखळून किंवा पडून होतात, ही आकडेवारीही तिने पुढे ठेवली. तिथल्या ठेकेदारांवर मात्र तशी सक्ती नाही, हेही खरे.

पट्टा कसाही चालत नाही. ईएन 397 या युरोपीय मानकाच्या 2012 च्या आवृत्तीत तो 150 ते 250 न्यूटन बळाला सुटावा लागतो, म्हणजे हेल्मेट कुठे अडकले तर गळफास बसत नाही. गिर्यारोहकांच्या ईएन 12492 मानकात पट्ट्याने किमान 500 न्यूटन तरी धरून ठेवायचे असते. उंचीवर लटकणाऱ्या मजुराची गरज गिर्यारोहकाच्या जवळची आहे. भारताचे आयएस 2925 हे हेल्मेटचे मानक मात्र 1984 सालचे.

आणि ज्या डोक्यांचा विचार कोणत्याच मानकात नाही ती डोकी बायकांची. स्लॅबच्या दिवशी बाई डोक्यावर चुंबळ ठेवते, चुंबळीवर काँक्रीटचे घमेले. गुळगुळीत, घुमटाकार हेल्मेटवर घमेले बसत नाही, म्हणून हेल्मेट जाते कोपऱ्यात आणि ‘बायकाच घालत नाहीत’ असा शेरा मारायला मुकादम मोकळा. तिला रोज हेल्मेट आणि मजुरी यांतले एक निवडायला लावणारी व्यवस्था नियमभंगाचे खापर तिच्यावर फोडते! माल वर नेण्याचे काम हॉइस्टचे आहे, मानेचे नव्हे.

महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदित कामगारांना सुरक्षा संच देते, त्यात हेल्मेट असते. चांगले आहे. पण मंडळाने संच दिला म्हणून मालक सुटत नाही. नाक्यावरच्या मजुराकडे बहुतेकदा नोंदणीच नसते आणि दहापेक्षा कमी माणसांच्या साइटला संहितेतली बांधकामाची व्याख्याच लागू होत नाही. हेल्मेट मिळाले तरी वर्षानुवर्षे उन्हात राहून त्याचे प्लास्टिक ठिसूळ होते. एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, टाकूनच द्यावे लागते. ते बदलले का, हे पाहणारा कोणी नाही.

संहितेनुसार सुरक्षेची मानके ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. तो वापरून उंचीवरच्या कामाला हनुवटीचा पट्टा आणि बाजूच्या माराचे संरक्षण सक्तीचे करावे, हेल्मेट बदलण्याची मुदत ठरवावी, डोक्यावरून ओझे वाहण्यावर बंदी घालून ओझ्याला यंत्र द्यावे. आणि संहितेतच दुरुस्ती करून दहा माणसांची अट काढून टाकावी. मजूर बंधू-भगिनींनो, तोवर पट्टा नसलेले हेल्मेट घेऊन परांचीवर चढण्यास नकार द्या!