पान पिवळे पडले, की लगेच फवारा नको

श्रावणात पावसाने जरा उघडीप दिली, की दासगाव, महाड, पोलादपूरकडच्या अंगणांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : गुलाबाची पाने पिवळी पडून गळताहेत. तक्रारीपाठोपाठ उपायही ठरलेला असतो. दुकानातून ‘पिवळेपणावरचे औषध’ आणायचे, बादलीत अंदाजाने ओतायचे आणि संध्याकाळी झाडावर मारायचे. झाड सुधारले तर औषध चांगले, नाही सुधारले तर पुढच्या आठवड्यात दुसरी बाटली. आरोग्याच्या सदरात गुलाबाचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण निदानाआधी औषध देण्याची ही सवय, आणि त्या औषधाची अर्धी उरलेली बाटली घरात ठेवण्याची रीत, हा थेट आरोग्याचाच विषय आहे.

आधी पिवळेपणाविषयी. माणसाचे डोळे पिवळे दिसले की आपण ‘कावीळ झाली’ म्हणतो, पण कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. यकृताला सूज येवो, पित्ताच्या नळीत खडा अडको किंवा रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटोत, डोळे तिन्ही वेळा पिवळेच होतात आणि उपचार मात्र तिन्ही ठिकाणी वेगळे असतात. पानाचेही तसेच आहे. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरव्या रंगाखाली झाकलेला. हरितद्रव्य तयार होईनासे झाले किंवा मोडू लागले की तो उघडा पडतो. म्हणजे पान फक्त एवढेच सांगते की हरितद्रव्य घटले आहे. का घटले, ते आपण शोधायचे.

हरितद्रव्य आणि आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन यांची रचना एकमेकांच्या नात्यातली आहे. दोन्हींत साधारण सारखेच एक रासायनिक कडे असते. हिमोग्लोबिनमध्ये त्या कड्याच्या मध्यभागी लोहाचा अणू बसतो, हरितद्रव्यात मॅग्नेशियमचा. हान्स फिशर या जर्मन शास्त्रज्ञाला १९३० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते या दोन्ही रंगद्रव्यांच्या रचनेवरील कामासाठी. हरितद्रव्यात लोह नसले तरी ते तयार करण्यासाठी झाडाला लोह लागतेच. त्यामुळे मॅग्नेशियम कमी पडो वा लोह, पान पिवळे होणारच. फरक कळतो तो पिवळेपणा कुठे आणि कसा आहे, यावरून.

म्हणून तपासणीचा पहिला प्रश्न : पिवळी झालेली पाने खालची, जुनी आहेत की शेंड्याची, कोवळी? नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत हलू शकतात. तुटवडा पडला की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून आधी खालची पाने पिवळी पडतात. लोहाचे तसे होत नाही. एकदा पानात बसलेले लोह तिथून फारसे हलत नाही, म्हणून त्याची उणीव आधी कोवळ्या पानांत दिसते. दुसरा प्रश्न : शिरा कशा आहेत? अख्खे पान सारखेच फिकट असेल तर नत्राचा संशय घ्यावा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल, तर जुन्या पानांत मॅग्नेशियमचा आणि कोवळ्या पानांत लोहाचा. तिसरा प्रश्न : पानावर डाग आहेत का? चौथा : बोट दोन पेरे मातीत घातले तर माती ओली चिकट लागते की कोरडी? आणि पाचवा : पान उलटून पाहिले का? या पाच प्रश्नांना पाच मिनिटे लागतात, खर्च काही नाही.

आपल्या भागात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत. त्यामुळे पावसाळ्यातल्या पिवळेपणाचे पहिले कारण खताची कमतरता नसून मुळांशी साचलेले पाणी हे असते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, कुजतात, आणि मग माती ओली असूनही पाने पिवळी पडून माना टाकतात. ते पाहून ‘पाणी कमी पडले’ म्हणत आणखी पाणी घालणारेही कमी नाहीत. अशा झाडाला औषध नको, निचरा हवा. कुंडीखालची ताटली काढावी, तळाचे भोक काडीने मोकळे करावे, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी. माती फारच घट्ट झाली असेल तर कुजलेली मुळे कापून, विटांचे तुकडे किंवा जांभ्याची खडी मिसळलेल्या मोकळ्या मातीत झाड पुन्हा लावावे. जमिनीतल्या झाडाभोवती आळे करण्याऐवजी या दिवसांत उंचवटा करावा.

दुसरे कारण काळ्या ठिपक्यांचा रोग. पानावर काळे गोल डाग, त्यांच्या कडा पिसासारख्या विसकटलेल्या, भोवती पिवळेपणा, आणि खालून वर होत जाणारी पानगळ. हा बुरशीचा रोग आहे. पान सलग सात-आठ तास ओले राहिले की बुरशीचे बीज रुजते, आणि आपल्याकडे आषाढात पान सुकतेच कुठे? गळलेली पाने झाडाखालीच राहिली तर रोगही तिथेच मुक्काम करतो. ती रोज वेचून दूर टाकावीत, खतखड्ड्यात टाकू नयेत. आतल्या दाट फांद्या छाटून हवा खेळती ठेवावी, पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी आणि सकाळी द्यावे. एवढ्याने भागले नाही तरच बुरशीनाशक. त्यात बोर्डो मिश्रण कोकणाला नवे नाही, सुपारीच्या कोळेरोगावर ते आपल्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मारले जाते. पण बुरशीनाशक पुढची लागण थांबवते, पिवळे झालेले पान हिरवे करत नाही. हे माहीत नसल्याने लोक आठवड्यात तीन-तीनदा फवारत राहतात.

तिसरे कारण धुपून गेलेले अन्न. धो-धो पावसात नत्र आणि मॅग्नेशियम मातीतून वाहून जातात, आणि आपली तांबडी माती मुळात आम्लधर्मी असल्याने मॅग्नेशियमची आधीच बेताची. नत्रासाठी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, तेही पावसाचा जोर ओसरल्यावर आणि थोडे थोडे द्यावे. ताज्या शेणाने मुळे भाजतात. मॅग्नेशियमसाठी एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरभर पाण्यात एक लहान चमचा विरघळवून बुंध्याशी घालावे आणि तीन-चार आठवड्यांनी फार तर पुन्हा एकदा. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या बाईला प्रसूतिगृहात आम्ही हेच औषध देतो, आणि तिथे प्रत्येक मात्रा मोजून, गुडघ्याचा झटका व श्वास तपासून दिली जाते. झाडालाही जास्त झाले तर कॅल्शियम आणि पोटॅश घेणे जड जाते. ‘मीठच तर आहे’ म्हणून मूठभर टाकू नये.

लोहाची उणीव इथे सर्वात कमी संभवते आणि तिच्यावरचे घरगुती उपाय मात्र सर्वात जास्त चालतात. ज्या मातीचा रंगच लोहाच्या गंजाचा आहे, तिला लोह कमी कसे पडेल? चुनखडीच्या, काळ्या जमिनीत, म्हणजे घाटावर, लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, तिथला प्रश्न खरा. आपल्याकडे तो उद्‌भवतो तो नव्या बांधकामाजवळ, सिमेंट-चुन्याचा राडारोडा मातीत मिसळलेला असतो तिथे, किंवा बोअरच्या जड पाण्यावर वाढवलेल्या कुंड्यांत. कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा काही उपयोग नाही. गंज पाण्यात विरघळत नाही, मग झाड तो पिणार कसा?

उन्हाळ्यात, चैत्र-वैशाखात चित्र बदलते. पानावर बारीक फिकट ठिपके पडून ते धुरकट पिवळे दिसते, पान उलटले की तलम जाळी आढळते. पांढऱ्या कागदावर पान झटकावे, ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी. तिला आठ पाय असतात, ती कीटक नव्हे. साध्या कीटकनाशकाने ती मरत नाही, उलट तिला खाणारे मित्रकीटक मरतात आणि ती फोफावते. पानांची खालची बाजू दोन-तीन दिवसांआड पाण्याच्या फवाऱ्याने धुणे हा पहिला आणि बहुतेकदा पुरेसा इलाज.

आता मुद्द्याचे. वरच्या कारणांपैकी एकालाही पहिला उपाय म्हणून विषारी कीटकनाशक लागत नाही. तरी घरोघरी त्याची बाटली असते, बहुधा पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतलेली, मोरीत नाहीतर पडवीच्या कोनाड्यात. मूल तहानेने ती तोंडाला लावते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण वाचले आहे. चार कुंड्यांसाठी फवारणाऱ्याला वाटते की ते शेतात झाले, आपल्या अंगणात काय होणार? पण विषाला अंगण आणि शेत यांतला फरक कळत नाही. डब्यावरचा त्रिकोण पाहावा : लाल म्हणजे अत्यंत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाला घरच्या बागेत जागाच नाही. फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदात घालू नयेत, हेही सांगायला हवे.

विषबाधा झालीच तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, उलट्या होतात, छाती भरते. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, १०८ ला फोन करावा आणि औषधाचा मूळ डबा बरोबर आणावा. डब्यावरचे नाव कळले तर उपचार लवकर सुरू होतात. बाटली बदललेली असली, की नेमके तेच नाव हरवते.

बागेतली बाकीची जोखीमही लक्षात असू द्यावी. सावित्रीच्या पुराचा गाळ अंगणात येतो, तो उपसताना बूट आणि हातमोजे घालावेत. गाळात काम केल्यावर ताप, पोटऱ्यांत दुखणे आणि डोळे लाल किंवा पिवळे होणे ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे असू शकतात. ही कावीळ माळ घालून उतरत नाही. तिला प्रतिजैविक लागते आणि तेही लवकर. कुंडी उचलताना खाली विंचू असू शकतो. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचेच आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मंत्रतंत्रात वेळ घालवणे निदान आपल्या तालुक्याला तरी शोभत नाही. काटा खोल रुतला तर धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवावे.

एक अपेक्षा कृषी खात्याकडूनही. जमीन आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून सुरू आहे, दापोलीचे कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. पण दोन कुंड्यांच्या मालकिणीने पिवळे पान घेऊन जायचे कुणाकडे? तिच्यासाठी दुकानदार हाच तज्ज्ञ, आणि त्याच्याकडे विकायला बाटली आहे. पावसाळ्यात महिन्यातून एक दिवस ग्रामपंचायतीत कृषी सहायकाने नुसती पाने पाहिली, तरी बऱ्याच बाटल्या दुकानातच राहतील. आणि दुकानदारांनी पान पाहिल्याशिवाय, दोन प्रश्न विचारल्याशिवाय औषध देऊ नये. तपासल्याशिवाय गोळी देणाऱ्या डॉक्टरला आपण बोल लावतो. तोच न्याय इथेही लागू करायला हवा.